एंडोमेट्रिओसिस : बीजाइतकाच क्षेत्राचाही विचार हवा

पाळीच्या वेदनेची तक्रार घेऊन येणारी रुग्णा आपणा सर्वांच्या नित्य परिचयाची आहे. अपान वायूची दुष्टी, उदावर्ता योनिव्यापद, वातानुलोमन व स्नेहन-स्वेदन हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, पुष्कळदा प्रश्नपरीक्षा संपण्यापूर्वीच चिकित्सा मनात ठरलेली असते. आमच्याही हातून असे घडले. एका तरुण रुग्णेस उदावर्ता समजून आम्ही काही महिने औषधे दिली. मधूनमधून उतार पडे. परंतु स्राव सुरू झाल्यावरही तिची वेदना थांबत नसे आणि पाळीत शौचाच्या वेळी तीव्र कळ येई. या दोन्ही गोष्टी तिने सांगितल्या होत्या, आम्ही केसपेपरवर लिहिल्याही होत्या. विचार मात्र केला नव्हता. पुढे सोनोग्राफीत डाव्या बीजकोशात चॉकलेट सिस्ट आढळली. त्या प्रसंगाने या व्याधीच्या संप्राप्तीकडे आम्हांस नव्याने पाहावयास लावले. त्या अभ्यासाचे सार येथे मांडीत आहोत.

साम्य आणि भेद

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी उदरावरण, बीजकोश अशा गर्भाशयाबाहेरील ठिकाणी रुजणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जवळजवळ १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा व्याधी आहे. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली असे प्रतिपादन केले की, पाळीचा काही स्राव बीजवाहिन्यांतून उलट दिशेने उदरात जातो व त्यातील पेशी तेथे रुजतात.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील ३० व्या अध्यायात वर्णिलेल्या उदावर्तेतही वेगावरोधाने प्रकुपित झालेला वायू रजाला ऊर्ध्वगत करतो. ही दोन वर्णने शेजारी ठेवली की आपल्याला आनंद होतो आणि 'हे आपल्याकडे होतेच' असे म्हणून आपण तेथेच थांबतो. परंतु चरकोक्त उदावर्तेत रज बाहेर पडताच स्त्रीला तत्काळ सुख लाभते. एंडोमेट्रिओसिसची वेदना बहुधा स्राव सुरू झाल्यावरही टिकून राहते. दुसरे असे की, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या लॅपरोस्कोपीवरील अभ्यासात, बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या उदरात पाळीच्या काळात रक्त आढळले होते. स्राव इतक्या जणींत उलट जातो, तर व्याधी दहांत एकीलाच का?

क्षेत्रातील बिघाड

ऋतू, क्षेत्र, अंबु व बीज ही गर्भसंभवसामग्री आपण जाणतो. बीज सर्वत्र पडते, पण उगवते ते अनुकूल क्षेत्रातच. स्थानसंश्रयासाठी खवैगुण्य लागते, ही आपली धारणाही हेच सांगते. आधुनिक संशोधन या क्षेत्राचा, म्हणजे उदरावरणातील व्याधिक्षमत्वाचा, तपशील पुरविते. उदरात आलेल्या परक्या पेशी नष्ट करणे हे नॅचरल किलर पेशींचे काम. या रुग्णांत त्यांची मारकशक्ती मंदावलेली आढळते. मॅक्रोफेज पेशी संख्येने वाढतात, पण सफाई करण्याऐवजी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा असे संदेशवाहक स्रवून शोथ धुमसत ठेवतात. त्यांच्याच साहाय्याने नव्या रक्तवाहिन्या व चेतातंतू त्या ठिकाणी वाढू लागतात. राखणदारानेच चोराला आसरा द्यावा, तसा हा प्रकार होय. विकृत ऊतीचा विस्तार व वेदनेची तीव्रता यांचा मेळ का बसत नाही, याचे एक कारण चेतातंतूंच्या या वाढीत सापडते.

येथे एक दुष्टचक्रही आहे. शोथामुळे प्रोस्टाग्लँडिन ई-२ वाढते; ते त्या ठिकाणीच अॅरोमॅटेजद्वारा इस्ट्रोजेनची निर्मिती वाढविते; आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढविते. त्यात प्रोजेस्टेरॉनला मिळणारा प्रतिसादही क्षीण होतो. कार्यच पुन्हा कारण बनते.

खवैगुण्य आणि हे बिघाड एकच आहेत, असा आमचा दावा नाही. ही विचाराची दिशा आहे, समीकरण नव्हे.

संयमाची आवश्यकता

शोथ हे मूळ, तर शोथहर द्रव्य हा उपाय, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. या बाबतीत २००८ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी बोलकी आहे. टीएनएफ-अल्फा रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध खोलवर रुजलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये देऊन पाहिले. वेदनेवर त्याचा परिणाम प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही. एक संदेश थोपविल्याने सारी साखळी तुटत नाही. हाच निकष आपण हरिद्रा, गुग्गुळ आदी द्रव्यांनाही लावला पाहिजे. प्रयोगशाळेतील पेशींवर दिसलेला गुण म्हणजे रुग्णेत सिद्ध झालेले फल नव्हे.

आपले कर्तव्य

वेदना स्राव सुरू झाल्यावर थांबते की टिकते, पाळीत शौच वा मूत्रप्रवृत्ती वेदनायुक्त होते काय, मैथुनसमयी आत खोलवर दुखते काय, अपत्यप्राप्तीस विलंब आहे काय, शाळा वा नोकरी दर महिन्यास बुडते काय, हे पाच प्रश्न प्रत्येक रुग्णेस विचारावेत. उत्तरे संशय वाढविणारी असतील तर तिला विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून व्याधी नाही असे समजू नये; उदरावरणावरील उथळ विकृती तीत बहुधा दिसत नाही. युरोपीय तज्ज्ञसंस्था एश्रेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी निदानासाठी लॅपरोस्कोपी अनिवार्य मानलेली नाही. लक्षणांवरूनही उपचार आरंभिता येतात. चालू असलेली संप्रेरकचिकित्सा आपल्या शब्दावर थांबवू नये. आपली चिकित्सा तिच्या जोडीने, नोंदी ठेवून करावी.

या व्याधीच्या निदानास अनेक देशांत वर्षानुवर्षे विलंब होतो, आणि 'लग्नानंतर थांबेल', 'बाळंतपणानंतर बरे वाटेल' ही आश्वासने त्या विलंबास हातभार लावतात. तशी आश्वासने आपल्यापैकीही काहींनी दिली असतील. आमच्या त्या रुग्णेने आपल्या व्याधीचे लक्षण पहिल्याच दिवशी स्वतःच्या शब्दांत सांगितले होते. ग्रंथातील उदावर्तेशी ते जुळत नाही, एवढे आम्ही पाहिले असते तरी तिचे काही महिने वाचले असते.