मेक्सिकोनं पळवाटा कशा बुजवल्या

मेक्सिको सिटी : क्लाउदिया शेनबाउम यांनी 1 ऑक्टोबर 2024 रोजी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा या प्रजासत्ताकाला दोनशे वर्षं झाली होती. तेवढ्या काळात या पदावर बसलेली ही पहिली स्त्री. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली ती एवढीच. मला त्याहून मोठी वाटते ती इथल्या संसदेची रचना. कनिष्ठ सभागृहाच्या 500 जागांपैकी निम्म्या जागांवर आज स्त्रिया आहेत. आपल्या लोकसभेत 2024 साली 543 पैकी 74 स्त्रिया निवडून आल्या.

मतदानाचा हक्क मात्र आपल्या आयाबायांना आधी मिळाला. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांनी मत दिलं. इथल्या स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला ऑक्टोबर 1953 मध्ये, आणि तो त्यांनी पहिल्यांदा बजावला 1955 साली. मग हा देश आपल्या पुढे गेला कसा? हा प्रश्न दहिवडी, म्हसवड, आटपाडीच्या वाचकांनाही जवळचा वाटेल, कारण त्याचं उत्तर आपल्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर रोज दिसतं.

मेक्सिकोनं 2002 साली उमेदवारीत स्त्रियांना 30 टक्के वाटा दिला, 2008 साली तो 40 टक्के केला. इथं प्रत्येक उमेदवाराबरोबर एक पर्यायी उमेदवारही निवडला जातो. मूळ सदस्यानं जागा सोडली की तो आपोआप सभागृहात जातो. 2009 साली नव्या संसदेचं कामकाज सुरू होतं न होतं तोच निवडून आलेल्या आठ स्त्रियांनी रजेचे अर्ज दिले आणि त्यांच्या जागी पर्यायी पुरुष येऊन बसले. त्यांत कुणाचा नवरा होता, कुणाचा भाऊ. लोकांनी या स्त्रियांना नाव ठेवलं ‘हुआनिता’. आपल्याकडचा ‘सरपंचपती’ कागदावर तरी बाहेर असतो. इथं तो सरळ सभागृहातच पोचला होता.

पुढं जे झालं ते माझ्या मते या देशाच्या राजकारणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. स्त्रियांच्या संघटना आणि वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र येऊन निवडणूक न्यायाधिकरणात गेल्या. 2011 साली निकाल लागला : मूळ उमेदवार स्त्री असेल तर पर्यायी उमेदवारही स्त्रीच हवी. पळवाट बंद झाली. मग पक्षांनी दुसरी शोधली, जिथं हरायचंच आहे तिथं बाईला तिकीट द्यायचं. 2014 साली घटनेत निम्म्या उमेदवारीची तरतूद आली, आणि पक्षाला सगळ्यात कमी मतं पडतात ते मतदारसंघ फक्त स्त्रियांच्या गळ्यात मारायलाही कायद्यानं मनाई केली. उमेदवारांची यादी निम्मी नसेल तर निवडणूक आयोग ती दाखलच करून घेत नाही. 2019 साली हाच नियम मंत्रिमंडळ, न्यायालयं आणि नगरपालिकांनाही लागू झाला.

इथं मतदारसंघ राखीव नसतो, पक्षाची यादी निम्मी असावी लागते. त्यामुळे आरक्षणाची सोडत नाही, आणि ‘वॉर्ड खुला झाला, आता बाईंनी घरी बसावं’ हेही नाही. बाई कामाची असेल तर तिला वर चढता येतं. राजधानीजवळच्या तेस्कोको भागात चापिंगोचं कृषी विद्यापीठ आहे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे यांनी मक्यावर काम केलं ते इथंच. या तेस्कोकोच्या नगराध्यक्ष होत्या डेल्फिना गोमेस, गवंड्याची मुलगी, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. 2023 पासून त्या देशातल्या सर्वांत जास्त लोकवस्तीच्या राज्याच्या गव्हर्नर आहेत.

आपल्याकडे ही शिडी पहिल्या पायरीवरच तुटते. महाराष्ट्रानं 1990 साली स्थानिक संस्थांत स्त्रियांना 30 टक्के जागा दिल्या, 73 व्या घटनादुरुस्तीनं देशभर एक तृतीयांश झाल्या, 2011 पासून राज्यात निम्म्या आहेत. विधानसभेत मात्र स्त्रिया आजही दहा टक्क्यांच्या आत. कराडमधून प्रेमलाकाकी चव्हाण लोकसभेत गेल्या, सांगलीतून शालिनीताई पाटील गेल्या, पण त्यांच्यामागे मोठी राजकीय घराणी होती. ग्रामपंचायतीतून चढत गेलेली बाई तिथवर पोचत नाही.

यात कुवतीचा प्रश्न नाही, हे माणदेशाला कुणी शिकवायला नको. म्हसवडच्या बायकांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण अर्जावर अंगठे होते. त्या अक्षरं गिरवून परत गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय सांगायला लावा. 1997 साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मेक्सिको म्हणजे स्वर्ग नव्हे. सेलाया शहराच्या महापौरपदाच्या उमेदवार हिसेला गायतान यांचा 1 एप्रिल 2024 रोजी प्रचार करतानाच गोळ्या घालून खून झाला. राजकारणातल्या स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध 2020 साली कायदा झाला, तरी भीती गेलेली नाही. आपल्याकडे गोळी नसते, अविश्वास ठराव आणि तक्रारअर्ज असतात. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या पायउतार केलेल्या महिला सरपंचांना पद परत मिळालं ते 2024 साली, तेही थेट सर्वोच्च न्यायालयातून. बाई सरपंच झाली हे गावाला पचलं नाही, अशा अर्थाची नोंद न्यायालयानंच केली.

लोकसभेत आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती सप्टेंबर 2023 मध्ये मंजूर झाली. तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली होती. पण पक्षांना आपल्या यादीत आजच एक तृतीयांश स्त्रिया घ्यायला कोणता कायदा आडवा येतो? पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असं आपला ग्रामपंचायत कायदा सांगतो. ती सभा तुमच्या गावात खरोखर भरते का, की नुसतं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं, ते या महिन्यात जाऊन पाहा. भरत नसेल तर भरवा.