एकाचा ‘नाही’ आणि गावाचा ‘हो’

वाचकहो, गावच्या सभेत भांडण कसे पेटते ते तुम्हाला सांगायला नको. विषय असतो पांदण रस्त्याचा आणि पाचव्या मिनिटाला आजोबांच्या काळातला धुरा उकरून निघतो. शेवटी हात वर करायला सांगतात. चाळीस हात इकडे, बारा तिकडे. चाळिसांचा ठराव होतो. पण ते बारा जण घरी जाऊन स्वस्थ बसत नाहीत. पहिल्या पावसात त्याच रस्त्यावर कोणीतरी रात्री बांधीचे पाणी फोडून देतो!

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. वस्ती जेमतेम पाचशेची. तिथे हात मोजत नाहीत. ग्रामसभेत एकाचाही विरोध असला तरी निर्णय पुढे ढकलतात आणि पुन्हा बसतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. देवाजी तोफा हे गावचे पुढारी. मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते त्यांचे अनेक वर्षांचे सोबती होते.

आता तुम्ही म्हणाल, असे केले तर आमच्या गावात जन्मभर एकही काम व्हायचे नाही. खरे आहे. पण मेंढ्याने एक युक्ती केली आहे. बोलण्याची बैठक वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. बोलण्याच्या बैठकीला ते अभ्यासगट म्हणतात. तिथे बाहेरचा जाणकारही येऊन बसू शकतो, कायदा समजावू शकतो, पण निर्णय मात्र घेतला जात नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तो गावकऱ्यांचाच. जिथे काही ठरायचेच नाही, तिथे जिंकायचेही कोणाला नसते. माणूस मोकळेपणी म्हणू शकतो की, बावा, माझी समजूत चुकली. हात वर करून झाल्यावर असे कोण म्हणेल?

दारूचेच पाहा. बायांना ती बंद हवी होती. जुन्या माणसांचे म्हणणे असे की मोहाच्या दारूशिवाय देवाची पूजा कशी करावी? दोघांचेही चूक नव्हते. एकदम मत घेतले असते तर एका बाजूने देव बुडवल्याचा राग धरला असता नि दुसऱ्या बाजूने घर बुडवल्याचा. चर्चा लांबली. लांबली म्हणूनच देवापुरती दारू वेगळी आणि गाळून विकण्या-पिण्याची वेगळी, हा फरक पुढे आला.

अशा बैठकांतून एकजूट झालेल्या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक पासाचे पुस्तकही. २०१३ साली गावाने शेतजमीन ग्रामदानात देण्याचे ठरवले. धुऱ्यावरून डोकी फोडणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर थोडे थांबून विचार करावा.

या पद्धतीत धोका नाही असे नाही. एखाद्या हेकट माणसाला सारे गाव वेठीला धरता येते. त्याहून वाईट म्हणजे भीतीपोटी गप्प बसलेल्याचे मौन संमती म्हणून लिहिले जाते. ज्याच्या वावरात रोजीला जायचे त्याच्यासमोर मजूर बाई ‘नाही’ कशी म्हणेल? म्हणून गप्प राहिलेल्याला मुद्दाम विचारले पाहिजे, आणि घरून बाई-माणूस दोघेही सभेला आले पाहिजेत.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावलाही २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला. त्या ग्रामसभेने तेंदूपत्त्याचा हंगाम सोडून दिला. पत्त्यासाठी झाडे छाटतात, जंगलाला आगी लावतात, म्हणून. ऐन उन्हाळ्यात, हातात पैसा नसताना येणारी ही रोकड. ती सोडायची म्हटल्यावर कोणत्या घरात रात्री चुलीपाशी वाद झाला नसेल! गाव आता बांबूवर कमावते.