टिळकवाडीतली काँग्रेस विहीर

टिळकवाडी म्हणजे बेळगावातली मराठी वस्ती. आगरकरांच्या नावाचा रस्ताही इथेच आहे; टिळक-आगरकरांचं भांडण गावाने असं परस्पर मिटवून टाकलंय. काँग्रेस रोडलगतच्या एका लहानशा बागेत एक मोठी गोल विहीर दिसते. आधी विहीर झाली, बाग पुष्कळ नंतर.

1924च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं 39वं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष झाले ते या एकाच वेळी. त्यांना बेळगावात आणण्याची खटपट गंगाधरराव देशपांड्यांची. मूळचे हुदलीचे, टिळकांच्या तालमीतले. मोकळ्या माळावर त्यांनी ‘विजयनगर’ उभं केलं. हंपीच्या गोपुरासारखं प्रवेशद्वार, मंडप, राहुट्या, सगळं होतं. एवढ्या माणसांना पाणी कुठून द्यायचं? म्हणून विहीर खणली. खर्च 4,370 रुपये 3 आणे. नाव दिलं पंपा सरोवर. गांधीजींसाठी बांबूची झोपडी बांधली, तिला साडेतीनशे रुपये लागले. हा खर्च गांधीजींना मुळीच रुचला नाही. विहिरीच्या हिशेबावर मात्र कुणी बोट ठेवल्याचं ऐकिवात नाही.

अकरा वर्षांची गंगूबाई हनगल इथे गायली. हुइलगोळ नारायणराव यांचं कन्नड नाडूचं गीतही इथेच घुमलं, आणि त्याच मांडवात कर्नाटक एकीकरणाची परिषद झाली. सीमाभागातल्या मराठी माणसाला हा तपशील थोडा टोचतो. पुढे 1956 साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्यामागच्या एकीकरणाच्या मागणीचा एक धागा या माळापर्यंत येतो. इथल्या मराठी घरांत गांधीजींची आठवण निघते, परिषदेची सहसा नाही. माझ्या मते दोन्ही सांगायला हव्यात.

मांडव दोन दिवसांचा, तो उतरला. विहीर राहिली, कारण पाणी लागतच होतं. गाव वाढलं, भोवती घरं झाली. नळ आले तशी ती मागे पडली. 1990च्या दशकात टंचाईने शहराला जुन्या विहिरी पुन्हा आठवल्या, त्यात हीही होती. शेजारी वीर सौध ही स्मारकवास्तू उभी राहिली.

26 डिसेंबर 2024ला, शंभर वर्षांनी, काँग्रेस कार्यसमिती बेळगावात बसली. त्याच रात्री दिल्लीत मनमोहन सिंग गेले. दुसऱ्या दिवशीचा मेळावा पुढे ढकलला, तो 21 जानेवारीला झाला.