इफ्तारनंतरची बादली

रमजानमध्ये असरची नमाज झाली की आमच्या स्वयंपाकघरात कढई चढते. कांदाभजी, समोसे, चणे, फळांची चाट, सरबत. पाहुणे असले तर हलीम नाहीतर निहारी. मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सुटतो आणि तासाभरात ताटे रिकामी होतात. इफ्तारच्या पदार्थांवर दरवर्षी भरभरून लिहिले जाते. ओट्यावर जे उरते त्याबद्दल मात्र कुणी लिहीत नाही. आज त्याबद्दलच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अंबरनाथमधली आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. तरावीहला, म्हणजे रमजानमधल्या रात्रीच्या जादा नमाजला, उशीर होत होता. मी चाटचे पाणी, निहारीचा उरलेला रस्सा आणि कढईतले तेल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ओतले, गाठ मारली आणि तिसऱ्या मजल्यावरून धावत उतरलो. पिशवी कोपऱ्यावर ठेवून मशीद गाठली.

परत आलो तर जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू. पायरीपायरीवर तेल सांडले होते आणि त्या त्यावर गव्हाचा कोंडा पसरून पुसून घेत होत्या. काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन होऊन महिनाच झालेला. काकू एवढेच म्हणाल्या, “सर, रोजे आहेत, घाई होते, समजते मला. पण हे आत्ता खाली उतरले असते तर?” मी मान खाली घालून त्यांच्या हातातला कोंडा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून पाहिले. घंटागाडीवरच्या कामगाराने तीच पिशवी उचलली आणि तळाशी राहिलेला रस्सा त्याच्या शर्टावर ओघळला. त्याने काही न बोलता फडक्याने पुसले आणि पुढची पिशवी उचलली.

इस्लाममध्ये तहारत, म्हणजे स्वच्छता, ही ईमानचा मोठा भाग मानली आहे. वाटेतली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हेही पुण्याचे काम, असे पैगंबरसाहेबांनी सांगितले. मी नमाजला जाताना वुजू करून हातपाय स्वच्छ धुतले होते आणि वाटेत त्रास पेरत गेलो होतो. हा विरोधाभास मला आजही टोचतो.

मग सगळे मोरीत ओतावे का? तेही नाही. गरम तेल मोरीत पातळ दिसते, पण पाइपात थंड झाले की चिकटते. त्यावर अन्नाचे कण, साबणाचा साका बसतो आणि एक दिवस खालच्या मजल्यावरच्या घरात पाणी तुंबते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये गटारात चरबी आणि कचऱ्याचा सुमारे २५० मीटर लांबीचा, १३० टनांचा गोळा सापडला होता. घराघरांतले आणि हॉटेलांतले तेल-तूपच त्याला कारण होते.

आपल्या गटारांची वाट तर नदीकडेच जाते. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, ती पुढे उल्हासनगरातून वाहत जाऊन कल्याणला उल्हास नदीला मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर टँकरमधून वालधुनीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालय गाठावे लागले. आपले वाटीभर तेल म्हणजे टँकर नव्हे, हे खरे. पण उन्हाळ्यात उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी घराघरांच्या सांडपाण्यावरच पोसते, आणि बदलापूरच्या बॅरेजवरून आपण पिण्याचे पाणी घेतो ते याच नदीचे.

काकूंच्या कोंड्याने मला उपाय शिकवला. जे पायरीवर टिपायचे ते घरातच टिपावे. तेव्हापासून आमच्या घरी असे चालते:

तेल पूर्ण थंड होऊ द्यायचे. थोडे असेल तर कोंडा, लाकडाचा भुसा किंवा जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे त्यात टाकायचे. तेल शोषले गेले की पुरचुंडी बांधून कचऱ्यात. जास्त असेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत साठवायचे आणि वापरलेले तेल नेणाऱ्याला द्यायचे. अशा तेलापासून बायोडिझेल होते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्यासाठी मोहीमही सुरू केली. काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा तळायला मात्र वापरू नये.

निहारीचा रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की वर चरबीचा थर गोठतो. तो चमच्याने काढून कागदात गुंडाळायचा. उरलेले चाळणीतून गाळायचे. पातळ पाणी मोरीत, चोथा ओल्या कचऱ्यात. हाडे वेगळ्या कागदात गुंडाळायची, नाहीतर ती पिशवी फाडतात.

ओल्या कचऱ्याला पिशवी नको, झाकणाची बादली हवी. तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी किंवा नारळाच्या शेंड्या घालायच्या, म्हणजे सुटलेले पाणी तिथेच मुरते. सकाळी बादली थेट घंटागाडीत रिकामी करायची. रात्री कोपऱ्यावर पिशवी ठेवली तर कुत्री ती फाडतात आणि वास सगळ्या गल्लीला. ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा देणे तर २०१६ च्या नियमांनीच बंधनकारक केले होते.

आणि पहिला उपाय सर्वांत जुना: जेवढे लागेल तेवढेच करावे. कुरआनने उधळपट्टीला सक्त मनाई केली आहे. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला जास्त पाणी वापरू नये, अशी पैगंबरसाहेबांची शिकवण आहे. उरणारच असेल तर खराब होण्याआधी, ताजे असतानाच शेजारी पाठवावे.

हे फक्त रमजानचे नाही. दिवाळीत चकल्या-करंज्यांची कढई चढते, सिंधी शेजाऱ्यांकडे पकोडे तळले जातात. तेल सगळ्यांचे सारखेच चिकटते आणि जिनाही सगळ्यांचाच असतो.

आता तरावीहला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालतो, बादली आधी आवरतो. काकांचा गुडघा बरा आहे. ते रोज संध्याकाळी जिना उतरून फिरायला जातात. पहिल्या रोज्याला त्यांच्याकडे भज्यांचे ताट जाते. परत येताना त्यात काकूंच्या हातच्या पुरणपोळ्या असतात आणि कधीकधी, हसत हसत, कोंड्याची एक पुडी.