नदीकाठची उंच इमारत आणि पूररेषा

स्वातंत्र्योत्तर काळात पोलाद व सिमेंट-काँक्रीटच्या सांगाड्याने आपल्या शहरांचे रूप पालटले. जाड भिंतींवर भार घेणाऱ्या जुन्या घरांच्या उंचीस मर्यादा असे. नव्या पद्धतीत तो भार खांब व तुळया पेलतात. वास्तुशिल्पज्ञ हबीब रहमान यांनी आखलेली कलकत्त्याची नवी सचिवालय इमारत 1954 साली हुगळीच्या सान्निध्यात उभी राहिली, ती याच तंत्राच्या बळावर. आज तालुक्याच्या गावीही नदीकाठी बहुमजली इमारती दिसतात.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) सीनाकाठी, संगमनेर प्रवरेकाठी, तर कोपरगाव गोदावरीकाठी वसले आहे. सीनेसारखी नदी वर्षातील बराच काळ क्षीण वाहते. त्यामुळे तिचे पात्र मोकळी जागा वाटू लागते. येथेच धोका संभवतो.

इमारतीच्या सुरक्षिततेचा पहिला प्रश्न पायाचा होय. काळी माती पाण्याने फुगते व उन्हात आकसते. म्हणून पाया कठीण मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेणे इष्ट असते. दुसरा प्रश्न पुराचा. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कित्येक मातीकामाचे वाडे कोसळले. काँक्रीटचा सांगाडा अशा वेळी तग धरू शकेल. परंतु तळमजल्यावरील माणसे, धान्य व दप्तर यांचे रक्षण तो करू शकत नाही. शिवाय पात्रात घातलेली प्रत्येक भर पाण्याला शेजारच्या वस्तीकडे लोटते.

यासाठी पूररेषा आखल्या जातात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा व 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध असून ती जागा शेती, उद्याने, क्रीडांगणे अशा उपयोगासाठी मोकळी ठेवावयाची असते. दोन्ही रेषांमधील क्षेत्रात निर्बंधांसह बांधकाम करता येते.

100 वर्षांतून एकदा याचा अर्थ पुढील शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असा नव्हे. असा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शेकडा 1 असते. इमारतीचे आयुष्य 50 वर्षे धरल्यास तेवढ्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता शेकडा सुमारे 40 होते.

म्हणून बांधकामास परवानगी देण्यापूर्वी नकाशावरील पूररेषा जागेवर पडताळून पाहणे, हे स्थानिक संस्थांचे प्रथम कर्तव्य ठरते. इमारत कितीही उंच असली तरी तिची पायरी नदीच्या वाटेत नसावी.