बोबड्या बोलांमागचं थक्क करणारं शास्त्र

नवी मुंबईत, कोपरखैरण्यातल्या एखाद्या तान्ह्या बाळाच्या कानावर दिवसभरात काय काय पडतं, पाहा. गावठाणातली आगरी, माथाडी कुटुंबांनी सातारा-सांगलीकडून आणलेली मराठी, ताईच्या शाळेची पुस्तकी मराठी, भाजीच्या गाडीवरची हिंदी आणि मोबाइलमधली इंग्रजी. एवढ्या गलबल्यातून तीन-चार वर्षांत ते मूल घडाघडा बोलू लागतं, तेही कुणी व्याकरणाचा तास न घेता. हे कसं जमतं, आणि काही मुलांना का जमत नाही? जगभरच्या आणि आपल्या मराठी मुलुखातल्या संशोधनातून वेचलेल्या या काही भन्नाट गोष्टी.

१. शिकवणी पोटातच सुरू होते
१९८६ मध्ये अमेरिकेत काही गर्भवती आयांनी शेवटचे सहा आठवडे रोज एकच गोष्ट मोठ्यानं वाचली. जन्मानंतर बाळांना चोखणीच्या लयीवरून आवाज ‘निवडायची’ सोय करून दिली, तेव्हा त्यांनी तीच ओळखीची गोष्ट पसंत केली. २००९ मधला एक अभ्यास तर रडण्याचा होता. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा. ज्याच्या त्याच्या आईच्या भाषेची चाल तशीच आहे! बाळंतिणीच्या खोलीतलं ते रडणंसुद्धा मातृभाषेच्या वळणाचं असतं.

२. ‘ताक’ आणि ‘टाक’ची परीक्षा
१९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या बाळांना दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ ऐकवले. फरक हिंदीतला होता, पण मराठीतही तो तसाच आहे. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो कळला. वर्षाच्या आसपासच्या बाळांपैकी मात्र फारच थोड्यांना. इंग्रजीत हा भेद लागत नाही, म्हणून कानांनी तो सोडून दिला होता. हिंदी घरातल्या बाळांनी तो घट्ट धरून ठेवला. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आत मेंदू ठरवतो की आपल्या घरात कोणते आवाज कामाचे.

३. दोन मिनिटांचा हिशेब
आपण बोलताना शब्दांच्या मध्ये थांबत नाही. मग कुठला शब्द कुठे संपला, हे बाळाला कळतं कसं? १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं अर्थहीन अक्षरांची अखंड साखळी ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर वारंवार येतं, याचा अंदाज बांधून बाळांनी त्यातले ‘शब्द’ वेगळे ओळखले. अजून नीट रांगताही न येणारं बाळ संख्याशास्त्र वापरत असतं!

४. ‘भूर’, ‘मम्म’ आणि ‘जोजो’ जगाच्या नकाशावर
बाळाशी बोलताना आपण जी लाडिक भाषा वापरतो, तिचा शास्त्रीय अभ्यास ज्या भाषांपासून सुरू झाला, त्यात मराठी अग्रभागी आहे. १९६४ मध्ये चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधल्या बाळबोलीचा गाजलेला लेख लिहिला. सीरियातली अरबी, कोमांची, गिल्याक, इंग्रजी, स्पॅनिश आणि मराठी, अशा त्या सहा. त्याच वर्षी पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांचा खास मराठी बाळबोलीवरचा लेख ‘वर्ड’ या नियतकालिकात आला. ओठांवरचे सोपे आवाज आणि एकच अक्षर दोनदा म्हणायची लकब या बोलीत जगभर दिसते. आजीचं ‘जोजो’ आणि ‘भूभू’ म्हणजे बाळाच्या जिभेला झेपेल असा पहिला धडाच.

५. चूक? छे, नियम!
‘मी करलं’, असं मूल म्हणालं की आपण हसून ‘केलं’ सांगतो. पण ‘करलं’ त्यानं कुणाकडूनच ऐकलेलं नसतं. ‘धर’चं ‘धरलं’ होतं, तर ‘कर’चं ‘करलं’ व्हायला हवं, हा नियम त्यानं स्वतः शोधलेला असतो. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना ‘वग’ नावाचा मनानं रचलेला पक्षी दाखवला. तसे दोन दिसल्यावर मुलांनी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचं इंग्रजी अनेकवचन बिनचूक केलं. मुलं पोपटपंची करत नाहीत, ती व्याकरण घडवतात.

६. पडद्याशी गप्पा होत नाहीत
२००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांच्या गटानं नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी माणसं समोर बसून बोलली, खेळली. काहींना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. प्रत्यक्ष माणसांकडून ऐकलेली बाळं चिनी आवाज ओळखायला शिकली. पडद्यासमोरची बाळं काहीच शिकली नाहीत. जेवण भरवताना मोबाइल लावण्याऐवजी ‘ही बघ चिऊ’ म्हणणं का मोलाचं, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

७. हातही बोबडे बोलतात
१९९१ मध्ये लॉरा पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी कर्णबधिर आईवडिलांच्या कर्णबधिर बाळांचं निरीक्षण केलं. ऐकणारी बाळं ‘बाबाबा’ करतात, त्या वयात ही बाळं हातांनी बडबडत होती! निकाराग्वात तर १९७० च्या दशकाअखेरीस कर्णबधिर मुलं शाळेत एकत्र आली आणि त्यांनी आपसात एक नवीकोरी खुणांची भाषाच उभी केली. याच्या उलट गोष्ट अकबराच्या ‘गुंग महाला’ची. तिथे तान्ह्या मुलांना न बोलणाऱ्या दायांकडे वाढवलं. काही वर्षांनी पाहिलं तर मुलं मुकीच होती. भाषेला कान नसले तरी चालतील, माणूस मात्र हवाच.

८. चार भाषांनी जीभ अडत नाही
‘घरात दोन-दोन भाषा, म्हणून पोरगं बोलत नाही’ हा समज संशोधनानं खोडून काढला आहे. एकाहून अधिक भाषा ऐकल्यानं वाचादोष होत नाही. एका वाक्यात मराठी-हिंदी मिसळणंही नैसर्गिक. आणि कोपरखैरण्यासाठी फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘पाणी’ला ‘पानी’ किंवा ‘मला’ला ‘मना’ म्हणणारं आगरी मूल बोबडं नव्हे. ते आपल्या बोलीत अगदी शुद्ध बोलतंय. बोली वेगळी आणि दोष वेगळा. आगरी घरानं आगरी सोडू नये, सातारकरानं सातारी. मूल सगळ्यात समृद्ध बोलणं घरच्याच भाषेत ऐकतं.

९. वर्गात दोघं तरी
ऐकू नीट येतं, बुद्धीही चांगली, तरी वाक्यं जुळत नाहीत, गोष्ट सांगता येत नाही, सूचना डोक्यात टिकत नाहीत. या अवस्थेला विकासात्मक भाषादोष म्हणतात. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या मोठ्या पाहण्यांत शंभरातल्या सुमारे सात मुलांमध्ये तो आढळला. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात साधारण दोघं. अशा मुलाला ‘आळशी’ किंवा ‘घुमा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तोतरेपणाचंही तसंच. शंभरातली पाचेक मुलं लहानपणी कधीतरी अडखळतात आणि त्यातली बहुतेक पुढे सुधारतात. त्यांचं वाक्य तोडू नका, त्यांना पूर्ण करू द्या.

१०. वेलांटी आधी, आवाज नंतर
‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ‘क’ आधी. अक्षरओळख कच्ची असलेल्या मुलाला हा पेच खरा वाटतो. आकड्यांतही तेच. २१ लिहिताना दोन आधी, म्हणताना ‘एक’ आधी. २९ तर ‘तिसाला एक कमी’! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ ही पद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. पण हे पुस्तक करणाऱ्या, मंगला नारळीकरांच्या समितीनं मांडलेली मुलांची अडचण खोटी नव्हती. वाचन-लेखनाच्या अक्षमतेबाबत मात्र महाराष्ट्र पुढे आहे. अशा मुलांना शाळेत आणि परीक्षेत सवलती देण्याचं पाऊल राज्यानं १९९६ मध्ये उचललं. पुढे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या पुढाकारानं ‘डाली’ ही चाचणी तयार झाली, तीही मराठीत. मराठी मुलाची अडचण इंग्रजी चाचणीनं मोजायची वेळ त्यामुळे टळली.

आता कामाचं
‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘बापही तिसऱ्या वर्षी बोलला’, ‘वेखंड चाटवा’. या सल्ल्यांत महिने वाया जातात. बाळ वर्षाचं झालं तरी बोट दाखवणं किंवा बडबड नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांनी ‘आई ये’ अशी दोन शब्दांची जोडी नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर थेट तपासणीला न्या. सुरुवात कानांपासून करा. नवजात बाळाची श्रवणचाचणी झोपेतच, काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, हा जगमान्य क्रम.

जायचं कुठे? वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. वांद्र्यात १९८३ पासून वाचा आणि श्रवणासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात तर वाचा आणि श्रवणाचं शिक्षण १९६६ पासून चालू आहे. अंगणवाडी आणि शाळांत मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधून सुरू झाला. भाषेतली दिरंगाई आणि बहिरेपण दोन्ही त्याच्या यादीत आहेत.

घरच्या बोलीत भरपूर बोला, आणि शंका आली तर एक दिवसही थांबू नका.