बैठकीतील प्रश्न आणि त्यानंतरचा थांबा

कृष्णाकाठी रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली अशी साखर कारखान्यांची ओळच आहे. सातारा-सांगलीकडील सार्वजनिक मराठीचा अभ्यास करणाऱ्याला या कारखान्यांच्या सभा हे विपुल साधन होय. वार्षिक सभेतील ‘मंजूर, मंजूर’ सर्वांच्या परिचयाचे आहे. तो संमतीचा विधी असून नवी कल्पना तेथे कोणी शोधीत नाही. येथे विचार करावयाचा आहे तो कामाच्या बैठकीचा.

गळीत संपल्यावर दुरुस्तीची कामे ठरविण्यासाठी भरलेली बैठक कल्पावी. हंगामात मिलचे कोणते बेअरिंग वारंवार तापले हे पाळीवरच्या फिटरला ठाऊक असते. त्यावरची एखादी युक्तीही त्याच्या मनात असते. साहेब विचारतात, ‘काही अडचण नाही ना?’ उत्तर येते, ‘नाही, साहेब.’ याचा दोष फिटरच्या भिडस्तपणाकडे देण्याची रीत आहे. आमच्या मते तो प्रश्नाच्या घडणीत आहे. ‘ना’ हा निपात दुजोऱ्याची अपेक्षा करतो, आणि येथे दुजोरा म्हणजे ‘नाही’. उलट ‘मिलने यंदा कुठे त्रास दिला?’ या प्रश्नात त्रास गृहीतच आहे; उरते ते ठिकाण सांगणे. त्यात वरिष्ठाचा अवमान होत नाही.

जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांविषयी असाच भेद दाखविला. ‘आणखी काही आहे का?’ या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नात ‘एनी’ऐवजी ‘सम’ योजताच रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी पुष्कळ घटल्या. पालट एका शब्दाचा!

काळाचा प्रश्न याहून गंभीर आहे. तान्या स्टिव्हर्स व इतरांनी 2009 मध्ये दहा भाषांतील (मराठी त्यांत नाही) हो-नाही स्वरूपाचे प्रश्न तपासले. उत्तरे सरासरीने सुमारे 200 मिलिसेकंदांत येतात. मात्र दुजोरा लवकर येतो आणि विरोध मागाहून. म्हणजे घाई करणारा अध्यक्ष सर्वांना सारखेच तोडीत नाही. होकार त्याच्या पदरात पडतो. शंका आणि निराळी सूचना तेवढी गळते. मेरी बड रो यांना 1974 च्या सुमारास वर्गात आढळले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एकच सेकंद थांबतात. हा थांबा 3 सेकंदांवर नेला असता उत्तरे लांबली, त्यांत तर्क आला, आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागली. संथ बैठक म्हणजे रेंगाळलेली बैठक नव्हे. तीन सेकंदांनी कोणाची एस. टी. चुकत नाही.

इतिवृत्तात या थांब्याची नोंद नसते. तेथे ‘चर्चा होऊन सर्वानुमते ठरले’ एवढेच असते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ तर विषयपत्रिकेत शेवटी, म्हणजे लोक चपला शोधू लागतात तेव्हा! सभासदांच्या संमतीने ध्वनिमुद्रण करून प्रश्नाचे रूप आणि त्यापुढील थांबा यांची मोजदाद केल्यास पदव्युत्तर प्रबंधिकेला पुरेल एवढी सामग्री मिळेल. आरंभ आपल्या विभागाच्या बैठकीपासून करण्यास हरकत नसावी.